रेशमात अडकणारं बोट

मार्गशीर्षातली लग्नसराई. समोर नवरीकडच्या सहा बायका, त्यांत एक आजी, आणि गादीवर उघडून पडलेल्या अठरा-वीस साड्या. मी राणी रंगाची एक सेमी पैठणी उचलली, पदर डाव्या हातावर घेतला आणि नेहमीसारखा उजवा अंगठा आतून फिरवत तो पसरला. चर्र. समोरच्यांना ऐकू जावा एवढा तो आवाज नव्हता, पण बावीस वर्षं कापडात काढलेल्या माणसाला तो गर्दीतही ऐकू येतो. पदराच्या उलट्या बाजूचा एक धागा माझ्या अंगठ्याच्या नखाशेजारच्या कडक कातडीत अडकून वर आला होता आणि सुलट बाजूला मोराच्या मानेवर चुणी पडली होती.

आजींनी ते बरोब्बर पाहिलं. "हात फार खरखरीत आहेत हो तुमचे," त्या म्हणाल्या. रागानं नाही. कणीक सैल झाली म्हणावं इतक्या सहज. मग शेजारच्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या साड्या तू दाखव रे बाळा."

इथे थोडं कापडाचं सांगायला हवं. हातमागावरची अस्सल पैठणी उलटसुलट दोन्हीकडून जवळजवळ सारखीच दिसते, कारण नक्षीतला प्रत्येक रंग आपापल्या जागी वळवून विणलेला असतो. तिच्या पाठीला बोट अडकायला फारसं काही नसतं. सेमी पैठणीत धागे एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत मागून मोकळे धावतात. काही ठिकाणी ते कापून टाकतात, काही ठिकाणी मागे जाळी लावतात. ज्या साडीला दोन्ही नसतं, तिच्यात जोडवी अडकते, बांगडी अडकते, आणि माझ्यासारख्याचा अंगठाही अडकतो. शिफॉन आणि जॉर्जेटची तर गोष्टच वेगळी, ती नुसत्या उभ्या राहिलेल्या सालपटालाही धरतात.

लक्ष्मी रस्त्यावरच्या ज्या दुकानात मी आहे, तिथले शेठ ओरडणाऱ्यांतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर माझा पाण्याचा तांब्या आणि कॅल्क्युलेटर पोटमाळ्यावर नेऊन ठेवलेले होते. पोटमाळ्यावर सुती माल असतो: इरकल, खण, ब्लाउजपीस, नऊवारी. खळ दिलेल्या इरकलीला वीट घासली तरी काही होत नाही. मला कळायचं ते कळलं.

माझी बोटं तेव्हा कशी होती ते सांगतो. दोन्ही अंगठे, उजवी तर्जनी आणि उजवं मधलं बोट, एवढीच खराब. नखाच्या दोन्ही कडांना शेताच्या बांधासारखी जाड, पिवळट कातडी. दुपारी डब्यातलं वरण खाल्लं की हळद त्या कातडीत मुरायची आणि रात्रीपर्यंत निघायची नाही. बाकीच्या बोटांची हळद साबणाने जायची, या चारांची नाही. बांधाच्या माथ्यावर बारीक सालपटं उभी, भाताच्या तुसासारखी. थंडीत त्यांच्या मधे भेग पडायची आणि लोणच्याचा खार लागला की डोळ्यांत पाणी यायचं. दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर मधोमध, मुळापासून टोकापर्यंत, आडव्या वळ्या होत्या, पन्हळी पत्र्यावर असतात तशा. त्या कॅल्शियम कमी असल्याने पडतात असं मी स्वतःला आणि बायकोला सांगून ठेवलं होतं.

लहानपणी मी नखं खायचो. आईने कडुलिंबाचा पाला वाटून लावला, मग कारल्याचा रस, मग एकदा मिरची. मिरचीचा हात डोळ्याला लागला तेव्हा वडिलांनी तो प्रयोग बंद करवला. कारलं मला आजही आवडतं, त्याचं मूळ बहुधा त्या दिवसांत असावं. पुढे नखं खाणं सुटलं. निदान माझी तशी समजूत होती. सुटलं नव्हतं, नखावरून दोन सूत बाजूला सरकलं होतं. कातडीला मी 'खाणं' म्हणतच नव्हतो, कारण माझ्या लेखी मी बोट साफ करत होतो. सालपट उभं आहे, ते काढलं पाहिजे, यात सवय कसली? दातात धरायचं आणि ओढायचं. ते काही नुसतं वरवरचं निघत नाही, निघताना खालचं जिवंत मांसही घेऊन जातं. रक्ताचा एक थेंब, दोन दिवस हुळहुळतं, वर खपली, मग खपलीच्या जागी आधीपेक्षा कडक कातडी, आणि तिला नवीन सालपट. असं तीस वर्षं.

पोटमाळ्यावर गेल्यावर मात्र मी चंग बांधला. चंग बांधून माणूस पहिल्यांदा जे करतो ते बहुतेक चुकीचं असतं. मी नेलकटर घेऊन रविवारी सकाळी गॅलरीत बसलो आणि सगळा बांध कापून काढला. छान दिसलं. बुधवारपर्यंत कापलेल्या कडा वाळून पत्र्यासारख्या झाल्या आणि पूर्वी एक सालपट होतं तिथे चार आली. मग दाढीचं ब्लेड. मग न्हाणीघरातली वजरी, जिने आई टाचा घासायची. वजरीने कातडी गेली, पण नखाच्या मुळाशी असतो तो पातळ पापुद्राही गेला, आणि त्याचं मोल मला नंतर कळलं.

दुकानात ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो ते जुने सेल्समन म्हणाले, खोबरेल लाव. खोबरेल वाईट नाही, पण साडीवाल्याच्या हाताला तेल चालत नाही. टसरवर एक ठिपका पडला की तो माल गेलाच. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून एक मलम आणलं. दुकानदार म्हणाला, यात तीन औषधं एकात आहेत, काहीही असो, जाणारच. चार दिवसांत लाली गेली, खाज गेली. मी खूश. तीन आठवड्यांनी कडेची कातडी गुलाबी, कागदासारखी पातळ झाली, आणि मलम बंद करताच सगळं दुप्पट जोरानं परत आलं. त्या तीनांतलं एक तीव्र स्टेरॉइड होतं. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइडांची त्वचेवर लावायची औषधं शेड्यूल एचमध्ये घातली. मला ते मिळालं कोथिंबिरीच्या जुडीसारखं, मागितलं आणि मिळालं.

मग जे व्हायचं तेच झालं. जानेवारीच्या शेवटी उजव्या अंगठ्याला नखुरडं. संध्याकाळी नुसतं दुखत होतं, रात्री दोन वाजता ठणका असा की छातीतले ठोके अंगठ्यात मोजता येत होते. सासूबाई आमच्याकडेच होत्या. त्यांनी लिंबाला भोक पाडलं आणि माझा अंगठा त्यात घातला. नखुरड्याला लिंबू हा आपल्याकडे घरोघरचा इलाज आहे. गार वाटतं हे खरं, पण अंगठ्याला आधीच दोन भेगा असतील तर माणूस पलंगावरून उठून उभा राहतो हेही खरं. मी पहाटेपर्यंत लिंबू घालून हात वर धरून बसलो होतो. देवीच्या मूर्तीचा असतो तसा.

सकाळी सरकारी रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीत गेलो. एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी बोट बधिर करून नखाच्या कडेची कातडी सुईने हलकेच उचलली, पू निघाला, आणि त्याच क्षणी ठणका थांबला. प्रेशर कुकरची शिट्टी गेल्यावर स्वयंपाकघर शांत होतं तसा. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "काका, हे आजचं झालं. आता हे मुळात का होतंय ते बघायला पुढच्या आठवड्यात या." काका ऐकून जरा लागलं, पण गेलो.

दुसऱ्या खेपेला त्यांनी दहाही बोटं टेबलावर ठेवायला लावली, दिव्याखाली भिंगातून पाहिली. साखर तपासली, ती ठीक होती. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का ते बघितलं, कारण सोरायसिसमध्ये तसे असतात. चामखीळ आहे का पाहिलं. बोटं तोंडात घालणाऱ्यांमध्ये ती एका बोटावरून दुसऱ्यावर आणि ओठांवरही जाते, असं त्या म्हणाल्या. कडेची थोडी कातडी खरवडून बुरशीसाठी पाठवली, त्यात काही निघालं नाही. मग पेन खाली ठेवून विचारलं, "खाता का?"

"नाही."

"करंगळ्या बघा तुमच्या," त्या म्हणाल्या. मी पाहिल्या. माझ्या दोन्ही करंगळ्या एखाद्या नवरीच्या असाव्यात तशा होत्या. "आजार असता तर तो करंगळ्या सोडून बसला नसता. आणि या अंगठ्यावरच्या वळ्या. तर्जनीच्या नखाने तुम्ही अंगठ्याच्या मुळाशी सारखं ढकलता, दिवसातून शंभरदा. नख तिथेच तयार होतं. तिथे सारखे धक्के बसले की अशा वळ्या पडतात." मी मान खाली घातली तेव्हा माझी उजवी तर्जनी अंगठ्याच्या मुळाशी फिरतच होती. त्यांनी ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या धंद्याच्या भाषेत समजलं. नखाच्या मुळाशी जो पातळ पापुद्रा असतो, ते क्युटिकल, म्हणजे साडीचा फॉल आणि बिडिंग. बिडिंग उसवलं की काठातून धागे निघतात. तसा तो पापुद्रा गेला की नख आणि कातडीच्या मधली फट उघडी पडते, साबणाचं पाणी आत जातं, जंतू जातात, सूज राहते, आणि सूज राहिली की कातडी जाडच होत जाते. दुसरं, कातडीला जिथे सारखं घासलं, ओढलं, चावलं जातं तिथे ती स्वतःला वाचवायला जाड होते. हमालाच्या खांद्याला घट्टा पडतो तसंच. कापून काढलं की शरीर समजतं, हल्ला चालूच आहे. वर दिवसभर खळीचं, फिनिशिंगचं कापड हातात आणि काउंटरवरची सॅनिटायझरची बाटली. दोन्ही कातडीतला ओलावा ओढून घेतात.

चिठ्ठीवर काय होतं? सुजेसाठी एक सौम्य स्टेरॉइड, तेही मोजून दोन आठवडे, फक्त सुजलेल्या कडेवर. आणि युरियाचं मलम. युरिया म्हटल्यावर मला शेतातलं पोतं आठवलं. रसायन तेच, पण इथे ते कातडीत पाणी धरून ठेवतं आणि मेलेल्या थरांची आपसातली पकड सैल करतं. दिवसा दहा टक्क्यांचं, रात्री जाड भागावर वीस टक्क्यांचं. रात्री कोमट पाण्यात पाच मिनिटं बोटं, टिपून कोरडी, लगेच मलम, वर पेट्रोलियम जेली, वर सुती कापड. जेली स्वतः ओलावा देत नाही, आत आहे तो उडू देत नाही. म्हणून ती नुकत्याच भिजवलेल्या बोटांवरच लावायची. आणि भेग उघडी असेल तिथे युरिया नाही, नुसती जेली. हे मी एकदा विसरलो होतो. लिंबाची आठवण झाली.

कापणं बंद. फक्त सुटून लोंबणारं सालपट असेल तर धारदार, स्वच्छ कात्रीने मुळापासून आडवं कापायचं, ओढायचं नाही. बाकी खरखर काढायला बारीक कानस, नखांना वापरतात ती काचेची. बोट भिजवून मऊ झाल्यावर दोन-तीन हात, बस. आणि हे एवढं सांगून झाल्यावर त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे शेजारच्या विभागाचं नाव लिहिलं. मानसोपचार.

त्या विभागाच्या बाकावर मी अर्धा तास पेपर चेहऱ्यासमोर धरून बसलो होतो. पेठेतलं कोणी दिसलं तर काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती. आत गेलो तर समुपदेशक बाईंनी पहिल्यांदा मला एवढंच सांगितलं की तुम्ही एकटे नाही. ही कातडी खुडण्याची गोष्ट एवढी सर्रास दिसते की २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या यादीत तिला स्वतःची स्वतंत्र नोंद मिळाली. मला ते ऐकून बरं वाटलं की वाईट, अजून ठरलेलं नाही.

त्यांनी दोन आठवडे काहीही थांबवायचं नाही, फक्त मोजायचं असं सांगितलं. मी रद्द झालेल्या बिलबुकाच्या पाठीवर रेघा मारायला लागलो. मला वाटत होतं की गिऱ्हाईक घासाघीस करतं, शेठ बघत असतात, तेव्हा मी कुरतडत असणार. झालं उलटंच. संध्याकाळी सहा ते आठ, पोटमाळ्यावर तुफान गर्दी, तेव्हा रेघा चार. दुपारी दोन ते चार, पंखा फिरतोय, खाली कुणी नाही, तेव्हा एकतीस. घरी जाताना बसमध्ये पंधरा. रात्री मोबाईलवर व्हिडिओ बघताना किती ते मोजताच आलं नाही, कारण तेव्हा मी मोजणंही विसरायचो. म्हणजे टेन्शन हे माझं मोठं कारण नव्हतं. रिकामा हात हे कारण होतं.

आणखी एक गोष्ट त्या रेघांतून कळली, आणि सगळ्या प्रकरणात मला सर्वांत उपयोगी पडली ती हीच. तोंडात बोट जाण्याआधी दरवेळी एक चाचपणी व्हायची. तर्जनीचं टोक अंगठ्याच्या कडेवरून फिरायचं, जसं आपण साडीचा पोत बघतो तसं. गुळगुळीत लागलं तर बोट पुढे सरकायचं. कुठे काही अडकलं की तिथे थांबायचं, परत फिरायचं, नखाने उचलायचं, आणि मग दात. रेशमाला जे सालपट अडकत होतं तेच माझ्या दुसऱ्या बोटालाही अडकत होतं. म्हणजे खरखर हा कुरतडण्याचा परिणाम होता तसंच आमंत्रणही. मला इच्छाशक्ती नाही, असं मी तीस वर्षं समजत आलो, आणि प्रश्न निदान अर्धा तरी कानशीचा होता.

तेव्हापासून मी शर्टाच्या खिशात शिफॉनची चिंधी ठेवतो. वीतभर, अंजिरी रंगाची, कटपीसमधली. सकाळी आंघोळीनंतर आणि दुपारी डबा खाल्ल्यावर दहाही बोटं तिच्यावरून फिरवायची. माझ्या डोळ्यांना जे सालपट दिसत नाही ते शिफॉनला कळतं. अडकलं की तिथेच कानस, दोन हात, पुन्हा चिंधी. नाही अडकलं की विषय संपला. डॉक्टर मॅडमना दाखवली तेव्हा त्या हसल्या आणि स्वतःचं बोट फिरवून बघितलं. त्यांचंही अडकलं. दिवसभर हात धुऊन, म्हणाल्या.

रात्रीच्या पट्ट्यांचा प्रश्न बायकोने सोडवला. बाजारातले रबरी टोपण घालून पाहिले, आत घाम येऊन कातडी पांढरी, बुळबुळीत होते. चिकटपट्टी सकाळी काढताना सालपटं घेऊन निघते. तिने माझ्या जुन्या मलमलच्या सदऱ्याच्या बाहीतून चार बोटांच्या चार टोप्या शिवल्या, सैल, मनगटाला बांधायला नाडी. पहिल्या रात्री मुलाने पाहिलं आणि विचारलं, "बाबा, कठपुतळ्या?" त्यावर दोन भिवया आणि मिशी त्यानेच स्केचपेनने काढली. त्या मिशीवाल्या टोप्या मी सहा महिने घातल्या. मोबाईलवर कुरतडणंही त्यांनीच निम्मं कमी केलं, कारण दाताला कापड लागलं की माणूस भानावर येतो.

दुपारच्या दोन तासांसाठी बाईंनी एक युक्ती सांगितली होती: बोट चाचपायला लागलं की हाताला मिनिटभर असं काम द्यायचं की ते करताना कुरतडता येणारच नाही. मूठ वळून धरणं पुरतं. ही रीत अझ्रिन आणि नन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडली, आणि अजून तीच वापरतात. मला नुसती मूठ वळून बसणं जमेना, भांडायला बसल्यासारखं वाटायचं. कापडाच्या दुकानात गज असतो, मापाचा लोखंडी. पोटमाळ्यावर एक जुना पडलेला होता, तो मी हातात धरायला लागलो. लोखंड गार लागतं, मुठीत बरोबर बसतं. खालून वर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्यांदा माझ्या हातातल्या गजाकडे बघायचं, मग माझ्याकडे. मामांनी माझं नाव हवालदार ठेवलं.

दिवसा मलमाची अडचण राहिलीच. युरियाचं मलम चिकट नसलं तरी रेशमाला चालत नाही. डबा खाऊन हात धुतल्यावर लावायचं, दहा मिनिटं बिलं बघायची, मग स्वच्छ पंचाला बोटं पुसायची आणि मगच साडीला हात. सॅनिटायझर सोडून दिलं, साधा साबण आणि लगेच टिपणं. बोटं जोरात पुसायची नाहीत, टिपायची.

जाड बांध किती दिवसांत गेला? पहिल्या पंधरा दिवसांत काहीच दिसेना आणि मी चिडलो. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस वरण-भात खाऊन हात धुतला आणि डाव्या अंगठ्याची हळद निघून गेली. मी तो अंगठा खिडकीत नेऊन पाहिला. मार्चअखेर कडा मऊ झाल्या, मुळाशी पापुद्र्याची पांढरट बारीक रेघ परत दिसायला लागली. नखावरच्या वळ्यांना मात्र घाई नसते. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकाला यायला सहा महिने. मे महिन्यात माझ्या अंगठ्यावर खाली गुळगुळीत नख आणि वर पन्हळी पत्रा अशी सरळ सीमारेषा होती. आषाढ सेलपर्यंत तो पत्रा कापून संपला.

पावसाळ्यात वेगळाच ताप. रेनकोटमधून भिजत जायचं, दमट हवेत टोप्या रात्रभर ओलसर राहायच्या, आणि नखाच्या कडा फुगून पांढऱ्या. तेव्हा टोप्या बंद केल्या, जेली कमी केली. थंडीचं वेळापत्रक पावसाळ्यात चालत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग पितृपक्ष आला. ज्यांनी साडीचं दुकान पाहिलंय त्यांना माहीत आहे, ते पंधरा दिवस म्हणजे नुसती साफसफाई. नवं कापड कोणी घेत नाही. गठ्ठे उतरवा, धूळ झटका, परत लावा, आणि मग बसा. गज खाली रंगकामवाल्यांनी नेला होता. चौथ्या दिवशी दुपारी मी मोबाईलवर क्रिकेट बघत होतो, आणि भानावर आलो तेव्हा उजव्या तर्जनीला रक्त होतं. मग 'आता गेलंच आहे तर' म्हणून मधलं बोट. मग अंगठा. पाच दिवसांत सहा महिन्यांचं काम वाया. बायकोला मी अंगठा दाखवला नाही, पण तिने डब्यातून लिंबाची फोड परत आलेली पाहिली आणि ओळखलं. ती म्हणाली, "टोप्या धुऊन ठेवल्यात." बस, एवढंच.

पुन्हा मोजणं, पुन्हा कोमट पाणी. दुसऱ्या वेळी लवकर भरतं हे खरं, कारण आत जुना बांध नसतो, वरवरचंच असतं. मामांनी दुसरा गज आणून दिला, कुठून तरी भंगारातून. त्याच्यावर अजून इंचाच्या खुणा आहेत.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नाचे बस्ते सुरू झाले. परवा संध्याकाळी खालून शेठची हाक आली. "वर कोणाला तरी बसवा आणि तुम्ही खाली या. येवल्याचा माल आलाय, घड्या उघडायच्यात." वर्षभरात पहिल्यांदा. मी जिन्यावरच थांबलो, खिशातून चिंधी काढली. डावा अंगठा, उजवा अंगठा, सरळ निघाले. मधलं बोट निघालं. उजव्या तर्जनीला शिफॉनने धरलं, अगदी नाममात्र, पण धरलं.

"शेठ, दोन मिनिटं," मी म्हटलं आणि कानस शोधायला परत वर गेलो.